बी. ए. स्पॅनिश, दुसरं वर्ष: साहित्य आणि संस्कृतीचे पेपर स्पॅनिशमधूनच लिहायचेत, तयारी कशी करावी?

तिसरं_सत्र:

नमस्कार मंडळी. दिल्लीत बी. ए. ऑनर्स स्पॅनिश करते आहे. पहिलं वर्ष निव्वळ भाषेचं होतं, वर्ग साधारण ए२ पातळीपर्यंत (ए१ ते सी२ या युरोपीय मापातली दुसरी पायरी) पोचलाय. आता उतारे आणि कविता, स्पेन व लॅटिन अमेरिकेचा इतिहास-संस्कृती आणि निबंधलेखन असे पेपर सुरू झालेत. उत्तरं सगळी स्पॅनिशमध्ये.

कोमेन्तारियो दे तेक्स्तो (उताऱ्याचं किंवा कवितेचं विश्लेषण) या प्रकारात नेमकं काय लिहायचं असतं? कवितेचा अर्थ नीट सांगूनही गुण निम्म्याच्या खालीच राहतात. वाचताना ओळीत दोन-तीन शब्द अडतात आणि शब्दकोश उघडला की पान संपतच नाही. लिहिताना भूतकाळाची दोन रूपं आणि सुब्खुन्तीवो (इच्छा, शंका दाखवणारं क्रियारूप) अंदाजपंचे. शिवाय वीस देशांचा इतिहास लक्षात ठेवायचा तरी कसा?

बारावीपर्यंत मराठी माध्यम होतं, त्यामुळे इंग्रजीतून समजावलेलं व्याकरण अर्धं डोक्यावरून जातं. जाणकारांनी सांगावं. डेले (स्पॅनिशची पातळी ठरवणारी) परीक्षा कधी द्यावी यावरही दोन शब्द लिहिलेत तर बरं होईल.

समास_सोडून_लिहा:

कोमेन्तारियोपासून सुरुवात करतो, कारण गुण तिथेच सांडताहेत. तुम्ही जे लिहिताय त्याला पाराफ्रासिस म्हणतात, म्हणजे कविता आपल्या शब्दांत पुन्हा सांगणं. परीक्षकाला ते नको असतं. त्याला हवं असतं: हा मजकूर काय म्हणतो आणि ते म्हणण्यासाठी भाषेचं काय काय करतो.

क्रम ठरलेला आहे. आधी लोकालिसासियोन: लेखक, काळ, प्रवाह, साहित्यप्रकार. तीन-चार ओळी पुरेत. इथे लेखकाचं जन्मगाव आणि पुरस्कारांची यादी ओतणं ही नेहमीची चूक. आयुष्यातली एखादी गोष्ट त्या मजकुराला थेट भिडत असेल तरच घ्या.

मग तेमा, आणि हा एकाच वाक्यात. इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. समजा कवितेत एक बाई बंदरावर मुलाची वाट पाहते आहे. 'एकटेपणा' असं लिहिलंत तर ते फार ढोबळ, कुठल्याही कवितेला चिकटेल. 'एक बाई मुलाची वाट पाहते' हा आर्गुमेन्तो झाला, म्हणजे कथानक. तेमा असा: 'परत येण्याची खात्री नसलेल्याची वाट पाहण्यातली घालमेल'. भाववाचक नाम आणि त्याला त्या कवितेपुरतं बांधणारं विशेषण, अशी जोडी जमली की तेमा बसला. क्रियापद वापरावंसं वाटलं तर समजा की कथानकात शिरलात.

नंतर रचना. बाह्य रचना म्हणजे कडवी, ओळी, यमक. आंतरिक रचना म्हणजे विचार कुठे वळतो. ओळींचे आकडे देऊनच भाग पाडा: १ ते ८ वर्णन, ९ ते १२ प्रश्न, उरलेल्या दोनांत उत्तर, असं. वळण ओळखायची सोपी खूण म्हणजे काळ किंवा पुरुष बदलणं. तृतीयपुरुषी वर्णन चाललेलं असताना अचानक 'तू' आला की तिथे रेघ मारा.

सगळ्यात मोठा भाग विश्लेषणाचा, आणि त्याचा नियम एकच: अलंकाराचं नाव एकटं लिहायचं नाही. 'तिसऱ्या ओळीत रूपक आहे' याला शून्य. 'तिसऱ्या ओळीतलं रूपक समुद्राला तोंड देतं, त्यामुळे धोका निसर्गातून माणसात येतो' याला गुण. चार अलंकार असे उलगडलेले बरे, बारांची यादी नको. ओळ उद्धृत करायची तर कोनी अवतरणचिन्हांत, कंसात ओळीचा आकडा, दोन ओळी एकत्र असतील तर मध्ये तिरकी रेघ.

आणि 'मी' म्हणजे कवी समजू नका. कवितेत यो पोएतिको (कवितेतला बोलणारा 'मी'), कथेत नार्रादोर (निवेदक). 'लेखक रडतो आहे' असलं वाक्य अगदी पहिल्या परिच्छेदात दिसलं की तपासणाऱ्याचं मन तिथेच उडतं.

दीड तासाचा पेपर असेल तर १५ मिनिटं वाचन आणि खुणा, १० मिनिटं आराखडा, ५० मिनिटं लेखन. उरलेल्या १५ मिनिटांत फक्त लिंग-वचन, क्रियापदांचे शेवट आणि आघातचिन्हं तपासा, दुसरं काहीही नाही.

लिंग_वचन_विभक्ती:

मराठी माध्यमाचं दुःख करू नका. स्पॅनिशच्या काही गाठी इंग्रजीतून सोडवायला गेलं तर घट्ट होतात आणि मराठीतून सहज सुटतात.

'मे गुस्ता एल काफे' घ्या. मुळात ते 'मला कॉफी आवडते'च आहे: आवडणारी वस्तू कर्ता, क्रियापद तिच्याप्रमाणे, आणि माणूस 'मला'. वस्तू अनेकवचनी झाली की 'गुस्तान', जसं 'आवडतात'. दुएले (दुखतं), फाल्ता (कमी पडतं), सोब्रा (उरतं), इन्तेरेसा ही सगळी याच पंगतीतली.

दुसरं, कर्माआधीचा 'आ'. 'बेओ ला कासा' पण 'बेओ आ हुआन'. आपण 'घर पाहतो' पण 'रमेशला पाहतो' म्हणतो, तेच. वाचताना याचा मोठा फायदा होतो, कारण स्पॅनिश लेखक कर्म सर्रास पुढे आणतात. 'आल खेनेराल लो मातारोन लोस सोल्दादोस' हे वाक्य इंग्रजी क्रमाने वाचणारा सेनापतीलाच खुनी ठरवतो. मराठी क्रमाने वाचा: सेनापतीला सैनिकांनी मारलं. कर्म आधी, कर्ता नंतर, एवढं तरी जुळतंच! क्रियापद अनेकवचनी आहे, म्हणजे कर्ता सोल्दादोस. 'आल'मध्ये 'आ' दडलेला आहे, म्हणजे खेनेराल कर्म. लांब वाक्य अडलं की आधी क्रियापदाचा शेवट बघा, मग त्याला जुळणारं नाम शोधा, मगच शब्दकोश.

भूतकाळ: इम्पेर्फेक्तो म्हणजे आपलं 'करायचो' आणि 'करत होतो', प्रेतेरितो म्हणजे 'केलं'. 'साबिया' माहीत होतं, 'सुपे' कळलं. 'कोनोसिया' ओळखत होतो, 'कोनोसी' ओळख झाली. 'नो केरिया' इच्छा नव्हती, 'नो किसे' चक्क नकार दिला.

सुब्खुन्तीवोसाठी 'यावं, करावं, असावं' ही रूपं कान धरून आठवा. 'त्यानं यावं असं मला वाटतं' म्हणजे 'किएरो के बेन्गा'. इच्छा, सल्ला, हुकूम, विनंती यांना हे तंतोतंत बसतं. 'क्रेओ के' (मला वाटतं की) नंतर साधं रूप, 'नो क्रेओ के' (मला नाही वाटत की) नंतर सुब्खुन्तीवो, एवढं मात्र वेगळं पाठ करावं लागेल.

कडू_कारलं:

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण मराठी जिथे दगा देते त्या जागाही सांगायला हव्यात. नाहीतर पोरं भलत्या विश्वासानं लिहितात.

एक. 'तो लिमात दहा वर्षं राहत होता' असं मराठीत सहज म्हणतो, म्हणून मुलं 'बिविया दिएस आन्योस' लिहितात. चूक. मुदत दिलेली आणि संपलेली असेल तर कितीही लांब असो, प्रेतेरितोच: 'बिवियो दिएस आन्योस एन लिमा'. शतकभर चाललेल्या राजवटीलाही हेच. इतिहासाच्या पेपरात ही चूक पानोपानी दिसते.

दोन. सेर आणि एस्तार. मराठीत दोन्हीला 'आहे', त्यामुळे इथे मराठीची मदत शून्य. त्यात 'कायमचं ते सेर, तात्पुरतं ते एस्तार' हा शॉर्टकट कुणीतरी शिकवून ठेवलेला असतो. मेलेला माणूस कायमचाच मेलेला असतो, तरी 'एस्ता मुएर्तो'. वस्तू कुठे आहे ते एस्तारने, पण कार्यक्रम कुठे आहे ते सेरने: 'ला रेउनियोन एस एन एल आउला त्रेस', आणि तो वर्ग कुठे आहे ते 'एल आउला एस्ता एन एल सेगुन्दो पिसो'.

तीन. 'घरी पोचलो की फोन करतो' यात आपलं 'पोचलो' भूतकाळी आहे. स्पॅनिशमध्ये ही भविष्यातली गोष्ट, म्हणून 'कुआन्दो येगे', सुब्खुन्तीवो. रोजची सवय असेल तर मात्र 'कुआन्दो येगो'.

चार. 'पण'ला नेहमी 'पेरो' नसतो. 'लाल नाही, तर निळा' इथे 'सिनो'. पुढे पूर्ण क्रियापद असेल तर 'सिनो के'.

महिने, वार, भाषा आणि राष्ट्रीयत्व यांची पहिली अक्षरं स्पॅनिशमध्ये छोटी, आणि शतकं रोमन आकड्यांत. इंग्रजीच्या सवयीनं मोठी अक्षरं घातली की लाल शाई.

तिसरं_सत्र:

खूप आभार. सेनापतीचं वाक्य वाचून आमच्या पुस्तकातली दोन वाक्यं एकदम उलगडली. दोन शंका. ओळीतली अक्षरं मोजताना माझी संख्या कधीच पुस्तकाशी जुळत नाही, नेहमी एक-दोन जास्त येतात. आणि अर्जेंटिनाच्या उताऱ्यात 'तेनेस', 'बेनी' असली रूपं येतात, ती आमच्या तक्त्यांत नाहीत.

समास_सोडून_लिहा:

जास्त येतात म्हणजे सिनालेफा सुटतोय. एक शब्द स्वरानं संपला आणि पुढचा स्वरानं सुरू झाला की दोन्ही मिळून एकच अवयव (सिलेबल, एका दमात उच्चारला जाणारा तुकडा). पुढची ओळ उदाहरणापुरती रचली आहे:

ला तार्दे एन्त्रा एन मी बेन्ताना

सुटं मोजलं तर ला, तार, दे, एन, त्रा, एन, मी, बेन, ता, ना: दहा. आता जोडा. 'दे' आणि 'एन' एक, 'त्रा' आणि पुढचा 'एन' एक. उरले आठ. ही ओक्तोसिलाबो, म्हणजे आठ अवयवांची ओळ झाली. स्पॅनिश लोकगीतांचा हा हक्काचा घाट.

दुसरी गोष्ट शेवटच्या शब्दाच्या आघाताची. आघात उपांत्य अवयवावर (याना) असेल तर आकडा तोच. शेवटच्या अवयवावर (आगुदा) असेल तर एक मिळवा: 'ला तार्दे येगा आल पोर्ताल' सिनालेफा धरून सात, अधिक एक, आठ. शेवटून तिसऱ्यावर (एस्द्रूखुला) असेल तर एक वजा: 'बाखो ला लुस दे ला लाम्पारा' नऊ, वजा एक, पुन्हा आठ.

तिसरं, शब्दाच्या आतले स्वर. आ, ए, ओ हे बलवान, दोन बलवान शेजारी आले तरी वेगळे: 'पोएता' तीन अवयव. इ आणि उ दुबळे, ते शेजाऱ्याला चिकटतात: 'तिएर्रा' दोनच. पण दुबळ्यावर आघातचिन्ह असेल तर तुटतात: 'दिआ' दोन. म्हणूनच देवनागरीत उच्चार लिहून घेऊन त्यातली अक्षरं मोजू नका. अक्षरछंदाची सवय इथे फसवते, 'बेन' आपल्याला दोन अक्षरं दिसतात पण अवयव एक.

यमक बघताना शेवटच्या आघाती स्वरापासून पुढे बघा. व्यंजनंही जुळली तर कोन्सोनान्ते, फक्त स्वर जुळले तर आसोनान्ते. 'बेन्ताना' आणि 'लाम्पारा' यांचं आ-आ असं आसोनान्ते जुळतं. एस्द्रूखुलात मधला स्वर धरत नाहीत. आठ अवयवांच्या ओळी, सम ओळींना एकच आसोनान्ते आणि विषम मोकळ्या असं दिसलं की तो रोमान्से. अकरा अवयवांच्या चौदा ओळी, चार-चार-तीन-तीन, तर सोनेतो.

लिंग_वचन_विभक्ती:

'तेनेस', 'बेनी' हा बोसेओ. अर्जेंटिना, उरुग्वे, पॅराग्वे आणि मध्य अमेरिकेचा बराच भाग 'तू'ऐवजी 'बोस' वापरतो. ओळखणं सोपं आहे: मूळ क्रियापदाचा शेवटचा 'र' काढा, 'स' लावा, आघात शेवटी. आब्लार, आब्लास; तेनेर, तेनेस; बेनिर, बेनीस. आज्ञार्थात 'स'ही नाही: आब्ला, तेने, बेनी. मधला स्वर बदलायची भानगड वर्तमानात नाही. अपवाद लक्षात ठेवण्याजोगे दोनच: सेरचं 'सोस', आणि 'जा'साठी 'आन्दा'. स्वतः लिहिताना 'तू'च ठेवा, दोन्ही मिसळलं तर गुण जातात.

आणखी एक साहित्यातला चकवा. जुन्या किंवा अलंकारिक गद्यात 'एल ओम्ब्रे के येगारा' असं दिसलं तर ते सुब्खुन्तीवो समजून अर्थ शोधत बसू नका. तिथे 'रा'चं रूप 'आबिया येगादो' या अर्थानं येतं: आलेला माणूस.

वाचनाच्या वेगाबद्दल: पान तीनदा वाचायचं. पहिल्यांदा शब्दकोश बंद, फक्त क्रियापदांखाली रेघ आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या शब्दाभोवती गोल. दुसऱ्यांदा शब्द बघा, पण पानाला दहा-बाराच: गोल केलेले आणि ज्यांच्यावाचून वाक्य उभंच राहत नाही ते. विशेषणं सोडून द्या. तिसऱ्यांदा मोठ्याने. शब्द पाहायला रेआल आकादेमियाचा कोश आंतरजालावर फुकट आहे. त्यात अर्थाआधी देशाची खूण असते, मेक्सिकोची, अर्जेंटिनाची. ती बघितली नाही तर पेरूच्या कथेत माद्रिदचा अर्थ घुसतो. मूळ ग्रंथांसाठी बिब्लियोतेका बिर्तुआल मिगेल दे सेर्वान्तेस, तीही फुकट.

नकाशा_उलटा_धरा:

इतिहासाचं कुणीच लिहिलं नाही, म्हणून.

देशांनुसार पाठ करू नका, प्रक्रियांनुसार करा आणि प्रत्येकीला जे देश बसत नाहीत ते वेगळे लिहा. गुण त्या अपवादांत असतात.

पहिली प्रक्रिया वसाहतीची रचना: चार बिर्रेइनातो (राजप्रतिनिधीच्या ताब्यातले मोठे प्रांत), नुएवा एस्पान्या (आजचा मेक्सिको आणि आसपास) १५३५, पेरू १५४२, नुएवा ग्रानादा (कोलंबियाचा परिसर) १७१७ आणि मोडल्यावर पुन्हा १७३९, रिओ दे ला प्लाता (अर्जेंटिनाचा परिसर) १७७६. आजच्या सीमा पुष्कळशा यांच्या पोटविभागांवरून आल्या आहेत, म्हणून हा नकाशा हातानं काढता आलाच पाहिजे. १५४५ ला (आजच्या बोलिव्हियातल्या) पोतोसीची चांदी सापडली, लिमाचं महत्त्व का ते तिथून कळतं.

दुसरी स्वातंत्र्याची. इथे मुलं थेट १८१० पासून सुरू करतात आणि कारण हरवून बसतात. कारण १८०८ चं आहे: नेपोलियननं स्पेन घेतला, राजा कैदेत, मग वसाहतींत प्रश्न उभा राहिला की आता सत्ता कुणाची. तिथून खुन्ता (स्थानिक शासन-मंडळं), तिथून बंडं, आणि ९ डिसेंबर १८२४ ला पेरूतली आयाकुचोची निर्णायक लढाई. अपवाद: क्युबा आणि पोर्तो रिको १८९८ पर्यंत स्पेनकडेच; डोमिनिकन प्रजासत्ताक १८४४ ला हैतीपासून वेगळं झालं; पनामा १९०३ ला कोलंबियापासून.

तिसरी, एकाच मालाच्या निर्यातीवर उभी राहिलेली अर्थव्यवस्था. क्युबात साखर, चिलीत आधी नायट्रेट मग तांबं, बोलिव्हियात कथील, व्हेनेझुएलात तेल. चिली विरुद्ध पेरू-बोलिव्हिया हे १८७९ चं युद्ध नायट्रेटच्या वाळवंटासाठी झालं आणि बोलिव्हियाचा समुद्रकिनारा त्यातच गेला.

चौथी हुकूमशाह्यांची. चिली १९७३ ते १९९०, अर्जेंटिना १९७६ ते १९८३, उरुग्वे १९७३ ते १९८५, पॅराग्वेची १९५४ पासून १९८९ पर्यंत. शेजारी स्पेन ठेवा: यादवी १९३६ ते १९३९, फ्रांको १९७५ पर्यंत, राज्यघटना १९७८. अपवाद पुन्हा महत्त्वाचे. कोस्टारिकानं १९४८ ला सैन्यच बंद केलं. मेक्सिकोत लष्करी राजवट नव्हती, पण एकच पक्ष २००० पर्यंत सत्तेत होता.

संज्ञा सांभाळा. ब्राझील लातिनो आहे, हिस्पानो (स्पॅनिशभाषक) नाही. स्पेन हिस्पानो आहे, लातिनोआमेरिकानो नाही. आफ्रिकेतलं इक्वेटोरियल गिनी १९६८ पर्यंत स्पॅनिश वसाहत होतं, हिस्पॅनिक जगाच्या यादीत ते हमखास राहून जातं. संस्कृतीचा पेपर म्हणजे सण, नाच आणि खाणं नव्हे. त्यावर पानं भरली की उत्तर पर्यटन खात्याच्या माहितीपत्रकासारखं वाचतं. भाषांचा प्रश्न घ्या: पॅराग्वेत ग्वारानी अधिकृत भाषा आहे, बोलिव्हियाच्या २००९ च्या घटनेत ३६ मूलनिवासी भाषा आहेत, स्पेनमध्ये कातालान, गालिसियन आणि बास्क. यावर उत्तर चांगलं उभं राहतं.

जाता जाता: १५८० ते १६४० या काळात स्पेन आणि पोर्तुगालचा राजा एकच होता, म्हणजे गोवाही नावापुरता त्याच मुकुटाखाली. कारभार पोर्तुगीजच राहिला. दोन साम्राज्यांच्या तुलनेचा प्रश्न आला तर वापरा.

कडू_कारलं:

डेलेचं. ए२ झाल्या झाल्या बी२ देऊ नका. पाचव्या सत्राच्या आसपास, वर्तमानपत्राचा लेख कोशाशिवाय समजू लागला की द्या. बी२ ला वाचन ७० मिनिटं, ऐकणं ४०, लेखन ८०, बोलणं २० आणि त्याआधी तयारीला २०. गुणांची गंमत समजून घ्या: वाचन-लेखन हा एक गट ५० चा, ऐकणं-बोलणं हा दुसरा ५० चा, आणि दोन्ही गटांत स्वतंत्रपणे ३० लागतात. एकात ४८ आणि दुसऱ्यात २९ म्हणजे नापास. साहित्याची मुलं ऐकण्यात पडतात, कारण कानावर फक्त शिक्षकांचा उच्चार असतो आणि परीक्षेत अनेक देशांचे आवाज येतात. रोज एका वेगळ्या देशाच्या रेडिओवरच्या बातम्या ऐका. लेखनातला पहिला प्रश्न ध्वनिफीत ऐकून औपचारिक पत्र लिहायचा असतो, १५० ते १८० शब्द. तिथेही कान लागतोच.

डेलेचं प्रमाणपत्र कायमचं. सिएले (स्पॅनिशची दुसरी एक परीक्षा) पाच वर्षं चालतं, ते संगणकावर होतं आणि १००० पैकी गुण मिळतात, पास-नापास नाही. प्रवेशासाठी घाईनं पातळी दाखवायची असेल तर ते बघा.

तिसरं_सत्र:

नकाशा काढायला घेतला आहे. शेवटची एक क्षुल्लक शंका: घरचे निबंध टाइप करून द्यायचेत, आघातचिन्हं एकेक चिकटवत बसावं लागतं का?

कडू_कारलं:

नाही. विंडोजमध्ये यूएस-इंटरनॅशनल कळफलक जोडा. आधी एकेरी अवतरणाची कळ, मग स्वर, की आघातचिन्ह आलं. उजवा ऑल्ट आणि एन दाबलं की एन्ये (ñ), उजवा ऑल्ट आणि तिरक्या रेघेची कळ की उलटं प्रश्नचिन्ह, उजवा ऑल्ट आणि १ की उलटं उद्गारचिन्ह. साधं अवतरणचिन्ह हवं असेल तेव्हा त्यानंतर स्पेस द्यावी लागते, पहिले काही दिवस चिडचिड होते. मोबाइलवर स्वराची कळ दाबून धरा.